बोटांना ऊब शिकवता येते का? रेनोच्या विकारावर दोन मते

फ्रिजमधून मटारची पिशवी काढली, हातमोज्यांशिवाय दुचाकीवर दोन-तीन किलोमीटर गेले किंवा एसीच्या झोताखाली बसले, की एक-दोन बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात. पांढरा भाग आणि नेहमीच्या रंगाची त्वचा यांच्यामध्ये रेघ आखावी तशी सीमा दिसते. बोट बधिर होते, शर्टाचे बटण लावता येत नाही. काही मिनिटांनी पांढऱ्याचे निळसर होते आणि रक्त परतले की बोट लाल होऊन ठणकू लागते. सावळ्या त्वचेवर हे रंग लपतात, म्हणून नखाखालचा भाग आणि बोटाची तळव्याकडची बाजू पाहावी लागते. हा रेनोचा विकार. दवाखान्यात त्याला 'रेनॉड्स' म्हणतात. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात त्याचे वर्णन केले. साधारण ३ ते ५ टक्के लोकांना तो असतो आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त असते.

थंडीत बोटे गार पडणे हा मात्र विकार नव्हे. शरीराचा गाभा उबदार राहावा म्हणून त्वचेकडचे रक्त आवरते घेणे ही देहाची रोजची व्यवस्था आहे. बोटांत आणि तळव्यांत धमनी व शीर यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. उकाड्यात त्या उघडतात आणि उष्णता बाहेर पडते, थंडीत त्या मिटतात. रेनोच्या विकारात या मिटण्याला धरबंध राहत नाही, बोटाच्या धमन्याही आवळल्या जातात आणि रक्त जवळजवळ थांबते.

विकाराचे दोन प्रकार आहेत आणि उपचाराची सारी चर्चा या भेदावर उभी आहे. प्राथमिक प्रकारात मागे दुसरा कोणताही रोग नसतो. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, दोन्ही हातांना सारखा होतो आणि त्यात बोटाची हानी होत नाही. दुय्यम प्रकार दुसऱ्या कारणामुळे उद्भवतो: स्क्लेरोडर्मा किंवा ल्यूपससारखे आजार, काही औषधे, दगड-काँक्रीट फोडणारी कंप पावणारी हत्यारे. स्क्लेरोडर्माच्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना रेनोचा त्रास असतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांची पांढरी पडणारी बोटे ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये नोंदवली होती.

प्राथमिक विकारात गोळी द्यावी की रुग्णाला बोटे उबदार करायला शिकवावे, यावर गेली पन्नासेक वर्षे वाद आहे. पुढील संवादातील संधिवाततज्ज्ञ आणि वर्तनोपचारक या त्या वादातल्या दोन भूमिका आहेत, प्रत्यक्ष व्यक्ती नव्हेत.

वर्तनोपचारक: "डॉक्टर, सुरुवात स्वतः रेनोपासूनच करू. दोष चेतासंस्थेत आहे, असं त्यांचं मत होतं. अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे भीतीनं छातीत धडधड करवणारी तीच, बोटांच्या वाहिन्यांना गरजेपेक्षा जोरात आवळते. मग त्या चेतासंस्थेला शांत करायला शिकवणं हा सरळ उपाय नाही का?"

संधिवाततज्ज्ञ: "सरळ वाटतो खरा. पण १९२९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी बोटाच्या नसा बधिर केल्या आणि मग बोट गार केलं. झटका तरीही आला. हुकूम पोचवणारी नसच बंद, तरी वाहिनी आवळली. म्हणजे दोष बोटातच, वाहिनीच्या भिंतीत. पुढे शल्यविशारदांनी रेनोच्या रुग्णांच्या अनुकंपी नसा कापूनही पाहिल्या. काही काळ हात गरम राहत, मग झटके परत येत. नस कापून जे टिकलं नाही ते डोळे मिटून बसल्यानं कसं टिकेल?"

लुईस यांच्या निरीक्षणाला पुढे पेशींच्या पातळीवर आधार मिळाला. बोटांच्या लहान धमन्यांच्या स्नायूपेशींत अल्फा-२सी नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. ऊब असताना ते पेशीच्या आत पडून राहतात. बोट गार झाले की पृष्ठभागावर येतात आणि अनुकंपी नसांनी सोडलेल्या नॉरॲड्रेनालिनला जोरकस प्रतिसाद देऊ लागतात. थंडीने वाहिनी हळवी होते आणि नसांचा नेहमीचाच निरोप तिला फार मोठा वाटतो. या चित्रात रेनो आणि लुईस दोघांनाही जागा आहे, आणि वर्तनोपचारकाने नेमके हेच धरले.

वर्तनोपचारक: "वाहिनी हळवी आहे हे मान्य. पण निरोप वरूनच येतो ना? तो कमी करता आला, तर हळव्या वाहिनीलाही आवळायला कारण उरत नाही. आणि झटके फक्त थंडीनं येत नाहीत. परीक्षेच्या हॉलमध्ये, मुलाखतीच्या रांगेत, घरातल्या भांडणातही काहींची बोटं पांढरी पडतात."

संधिवाततज्ज्ञ: "पडतात. पण बहुतेक झटक्यांचं कारण थंडीच असतं. आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. 'टेन्शन घेऊ नका' एवढं सांगून बाईला घरी पाठवतात. तिला वाटतं, आपण मन शांत ठेवत नाही म्हणून बोटं पांढरी पडतात. एका रक्तवाहिनीच्या आजाराचं खापर तिच्या स्वभावावर फुटतं."

ही तक्रार वाजवी आहे, आणि ती नीट तपासायची तर आधी शिथिलीकरणाने शरीरात नेमके काय होते ते पाहावे लागते. या पद्धतींचा आधुनिक इतिहास फार जुना नाही. शिकागोचे एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकेक स्नायुगट मुद्दाम ताणायचा आणि सोडायचा असतो, म्हणजे ताण आणि सैलपणा यांतला फरक अंगाला कळतो. जर्मन मनोविकारतज्ज्ञ योहानेस शुल्ट्झ यांनी १९३२ मध्ये स्वयंसूचनेची पद्धत पुस्तकरूपाने मांडली: हात जड झाले आहेत, हात उबदार झाले आहेत, श्वास शांत आहे, अशी ठरावीक वाक्ये मनात घोळवायची. रेनोच्या उपचारकांना शुल्ट्झ जवळचे वाटले ते 'हात उबदार' या पायरीमुळे.

महाराष्ट्रात याच वाटेने जाणारे काम शवासनावर झाले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि योगक्रियांची मोजमापे प्रयोगशाळेत घ्यायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले आणि निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. काहींचा रक्तदाब उतरला, काहींच्या औषधाची मात्रा कमी करता आली.

वर्तनोपचारक: "बघा, केईएमसारख्या रुग्णालयात हे झालं. रक्तवाहिन्यांवर विश्रांतीचा परिणाम होतो, याचा हा आपल्याकडचा पुरावा."

संधिवाततज्ज्ञ: "दात्यांचं काम आदरानंच घ्यायला हवं, त्यांनी हा विषय आश्रमातून वॉर्डात आणला. पण त्यात तुलनेचा वेगळा गट नव्हता. आणि तो रक्तदाबाचा प्रश्न होता, बोटांचा नव्हे. एकाचा निष्कर्ष उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही."

वर्तनोपचारक: "मग बोटांचंच बोलू. कॅन्ससमधल्या टोपीका इथल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन तळहाताचं तापमान मोजत होते. एका बाईचा अर्धशिशीचा झटका ओसरला त्याच वेळी तिचे हात झपाट्यानं गरम झालेले त्यांना दिसले. त्यातून हात गरम करायला शिकवण्याची कल्पना निघाली. १९७० मध्ये तिथेच हिमालयातल्या परंपरेचे स्वामी राम आले. त्यांनी एकाच तळहाताच्या दोन बाजूंचं तापमान वेगवेगळं करून दाखवलं, एक बाजू गरम, दुसरी गार. यंत्र लावून."

संधिवाततज्ज्ञ: "स्वामींनी वर्षानुवर्षं साधना केली होती. एका माणसाला जमलं एवढं त्यातून सिद्ध होतं. पिंपरीच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या मुलीला ते दहा बैठकांत जमेल, असं नाही सिद्ध होत."

या टप्प्यावर बायोफीडबॅकची, म्हणजे शरीराचे मोजमाप रुग्णाच्या समोर दाखवून ते बदलायला शिकवण्याची पद्धत जवळून पाहिली पाहिजे, कारण वादाचा निकाल तिच्या बारकाव्यांत आहे. खोली शांत आणि एकसारख्या तापमानाची असावी लागते. तळव्याच्या बाजूने बोटाच्या टोकाला, म्हणजे पेराच्या मांसल भागाला, छोटा तापमानमापक चिकटपट्टीने लावतात. पट्टी करकचून बांधली तर तीच रक्त अडवते, म्हणून ती सैल असावी. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे काहीच करायचे नसते. बोट खोलीशी जुळवून घेते. मग समोरच्या पडद्यावर आकडा दिसू लागतो, समजा २५.४. अंशाच्या दहाव्या भागाचा फरकही तिथे कळतो. आता रुग्णाने तो आकडा वर न्यायचा असतो.

पहिल्या बैठकीत जवळपास सगळेच एक गोष्ट करतात: जोर लावतात. भुवया आक्रसतात, श्वास धरला जातो, मनातल्या मनात 'गरम हो' असा धोशा सुरू होतो. आणि आकडा खाली येतो. २५.४ चे २५.१ होते, मग २४.८. प्रयत्न हीच अनुकंपी चेतासंस्थेला दिलेली साद असते. चांगला प्रशिक्षक इथे काही बोलत नाही, रुग्णाला आकड्याकडे पाहू देतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत केव्हातरी रुग्ण कंटाळतो, खिडकीबाहेर बघतो, आणि आकडा वर सरकतो. ते कसे झाले हे त्याला सांगता येत नाही, पण झाले हे दिसते. शिकणे इथून सुरू होते. पुढे कोणी उन्हात तापलेल्या वाळूवर हात ठेवल्याची कल्पना करते, कोणी बोटाच्या टोकाशी जाणवणाऱ्या ठोक्यांवर लक्ष ठेवते. बोट ३२-३३ अंशांच्या वर जाऊन तिथे टिकू लागले, की यंत्र बंद करून तेच करायला सांगतात. त्यानंतर तेच गार हवेत.

डेट्रॉइटचे रॉबर्ट फ्रीडमन यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रातला सर्वांत आशादायक आहे. प्राथमिक विकाराच्या रुग्णांचे चार गट होते. पहिल्याला बोटाच्या तापमानाचा बायोफीडबॅक मिळाला. दुसऱ्याला तोच, पण शिकताना बोट मुद्दाम गार केले जाई. तिसऱ्याला शुल्ट्झची स्वयंसूचना. चौथ्याला कपाळाचा स्नायू सैल करण्याचा बायोफीडबॅक. पहिल्या गटातले झटके सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. थंडीत शिकलेल्या गटात घट नव्वद टक्क्यांहून अधिक होती. स्वयंसूचनेने ती एक तृतीयांशाच्या आसपास राहिली आणि स्नायूच्या गटात त्याहूनही कमी.

या चार आकड्यांचा क्रम फार महत्त्वाचा आहे. कपाळ सैल करणारे रुग्ण शिथिल झाले होते, तरी त्यांच्या बोटांना विशेष लाभ झाला नाही. म्हणजे 'मन शांत झाले की बोट गरम होते' हे समीकरण खुद्द वर्तनोपचाराच्या सर्वोत्तम अभ्यासातच टिकले नाही. फ्रीडमन यांनी नंतर बोटाच्या नसा औषधाने बधिर करून पाहिले. तरीही शिकलेली माणसे बोट गरम करू शकली. रक्तातून येणाऱ्या संदेशांना प्रतिसाद देणारे बीटा ग्राहक अडवले, तेव्हा मात्र ती क्षमता मंदावली. बोट गरम करणे हे विश्रांतीचे आपोआप येणारे फळ नसून वेगळे, नेमके कौशल्य आहे, असा याचा अर्थ होतो. 'ताण सोडा, रेनो जाईल' असे लिहिणारी आरोग्यसदरे यामुळे चुकीची ठरतात, आणि संधिवाततज्ज्ञांची तक्रार खरी ठरते. पण तापमानाच्या प्रशिक्षणाला यातून बळच मिळते.

संधिवाततज्ज्ञ: "आता मोठ्या अभ्यासाकडे येऊ. तुमचे फ्रीडमन एका प्रयोगशाळेतले, गटात मोजकी माणसं. अमेरिकेत पुढे अनेक केंद्रांवर मिळून प्राथमिक रेनोच्या ३१३ रुग्णांची चाचणी झाली. निकाल २००० मध्ये आला. चार गट: निफेडिपिनची सावकाश विरघळणारी गोळी, तशीच दिसणारी खोटी गोळी, तापमानाचा बायोफीडबॅक आणि तुलनेसाठी स्नायूंचा बायोफीडबॅक. झटका आला की रुग्णानं हाताचा रंगीत फोटो काढायचा, म्हणजे नुसत्या आठवणीवर भिस्त नको. निफेडिपिननं झटके खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाले. तापमानाच्या बायोफीडबॅकनं तुलनेच्या गटापेक्षा काहीही जास्त साधलं नाही."

वर्तनोपचारक: "निकाल बरोबर सांगितलात, पण अर्धा. त्याच चाचणीतल्या लोकांनी नंतर तपासलं, की तापमानाच्या गटातल्या किती जणांना बोट गरम करणं खरंच आलं. सुमारे एक तृतीयांशांना. रेनो नसलेल्या निरोगी माणसांना तीच पद्धत शिकवली, तर दोन तृतीयांश शिकले. म्हणजे जे शिकवलंच गेलं नाही त्याची परीक्षा घेतली. गोळी पोटात गेलीच नसती, तर ती निरुपयोगी म्हणाला असतात का?"

संधिवाततज्ज्ञ: "नसते म्हणाले. पण गोळी गिळायला कुणाला शिकवावं लागत नाही, हाच तिचा गुण आहे. ज्या उपचारासाठी हातखंडा असलेला प्रशिक्षक, शांत खोली आणि चिकाटीचा रुग्ण लागतो, तो चांगल्या केंद्रांवरसुद्धा तीनपैकी दोघांपर्यंत पोचत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात काय होईल?"

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि ते सोडवल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही. शिकलेल्या माणसाला उपयोग होतो का, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर 'बहुधा होतो' असे आहे, पण त्याला आधार मुख्यतः लहान अभ्यासांचा. येईल त्या रुग्णाला सुचवावा असा हा उपचार आहे का, हा दुसरा. त्याचे उत्तर मोठ्या चाचणीने 'नाही' असे दिले आहे, आणि ते मान्य करायलाच हवे. वर्तनोपचारकाने पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देणे किंवा डॉक्टरांनी दुसऱ्याचे पहिल्याला देणे, दोन्ही चूकच.

गोळीचीही किंमत असते. निफेडिपिन आणि त्याच जातीचे ॲम्लोडिपिन वाहिन्या सैल करतात, पण सगळ्या शरीरातल्या. डोके दुखणे, चेहरा तापणे, घोट्यांना सूज, रक्तदाब उतरून चक्कर येणे हे त्रास नेहमीचे. प्राथमिक विकाराच्या अनेक तरुण स्त्रियांचा रक्तदाब मुळातच कमी असतो. ज्या आजाराने बोटाची हानी होत नाही, त्यासाठी रोज डोकेदुखी सहन करायला त्या तयार होत नाहीत, आणि गोळी मुकाट्याने बंद करतात. संधिवाततज्ज्ञही हे जाणतात. सौम्य प्राथमिक विकारात त्या स्वतः सहसा गोळी लिहीत नाहीत.

वर्तनोपचाराची आणखी एक शाखा आहे. तिच्यात शिथिलीकरणाचा संबंध नाही, शांत मनाची अट नाही, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक इथे अमेरिकी लष्कराची हवामान आणि शरीर यांच्या संबंधावर काम करणारी संस्था आहे. बर्फात काम करणाऱ्या सैनिकांसाठी बोटांची थंडी हा तिथे रोजच्या कामाचा विषय. तिथल्या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत साधी होती: रुग्णाने शून्य अंशाच्या आसपासच्या गार हवेत हलक्या कपड्यांत बसायचे, पण हात मात्र सुमारे ४३ अंशांच्या गरम पाण्यात बुडवून. एका वेळी दहा मिनिटे. असे सत्तावीस वेळा. यामागची कल्पना पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची. एरवी अंगाला थंडी लागली की हातांच्या वाहिन्या मिटतात. इथे अंगाला थंडी लागते आणि त्याच क्षणी हातांच्या वाहिन्या उघड्या असतात. ही जोडी पुन्हा पुन्हा जमली की शरीर नवा संबंध शिकते, आणि पुढे गरम पाण्याशिवायही थंडीत हात पूर्वीइतके गार पडत नाहीत.

वर्तनोपचारक: "निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो. तिथे पहाटे ओसरीवर घमेलं ठेवलं की झाली प्रयोगशाळा. पाणी निवू नये म्हणून झाकणाचा डबा घ्यावा, एवढंच."

संधिवाततज्ज्ञ: "आणि पाण्यात थर्मामीटर. हातानं अंदाज घ्यायचा नाही. ज्याची बोटं बधिर होतात त्याचा अंदाज चुकतो आणि कातडी पोळते. बोटावर जखम असेल, मधुमेहानं संवेदना कमी झाली असेल किंवा हृदयविकार असेल, तर हे करूच नये. शिवाय हे अभ्यास लहान आहेत. आशा वाटावी इतपत, खात्री द्यावी इतपत नाहीत."

रोजच्या सवयींबद्दल दोघांत मतभेद नाही. झटके टाळण्यात सर्वांत मोठा वाटा या सवयींचा आहे, आणि 'वर्तनोपचार' या भारदस्त शब्दाखाली त्याच झाकल्या जातात. हातमोज्यांआधी स्वेटर, कानटोपी आणि मफलर घालावा. बोटांकडे किती रक्त सोडायचे हे शरीराच्या गाभ्याच्या उबेवर ठरते, म्हणून अंग गार आणि हात मोज्यांत असे असले तर मोजे निकामी. मोजे घराबाहेर पडण्याआधी चढवावेत; बोटे गार झाल्यावर घातलेला मोजा गारवाच धरून ठेवतो. फ्रीजरमध्ये हात घालायचा तर जाड मोजा तिथेच खुंटीला टांगलेला असावा. बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या बायकांना रबरी मोज्याच्या आत लोकरी मोजा लागतो. नुसते रबर पाणी अडवते, थंडी अडवत नाही.

तंबाखू कोणत्याही रूपात चालणार नाही. बिडी आणि सिगारेट तर उघडच, पण महाराष्ट्रातल्या अनेक घरांत बायका सकाळी दातांना लावतात त्या मिश्रीतही निकोटिन असते आणि ते वाहिन्या आवळते. डॉक्टर 'सिगारेट ओढता का' असे विचारतात आणि बाई खरेपणाने 'नाही' म्हणते. मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, अर्धशिशीवरची अर्गोटामिनसारखी औषधे आणि रक्तदाबावरचे काही बीटा ब्लॉकर झटके वाढवू शकतात. ती आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवावीत.

झटका आल्यावर काय करावे, हेही शिकवावे लागते. गारव्यातून आत यावे, हात काखेत धरावे, कोमट पाण्याखाली ठेवावे, किंवा खांद्यापासून मोठे गोल फिरवावे, म्हणजे रक्त बोटांकडे ढकलले जाते. शेकोटी, गॅसची ज्योत, कढत पाणी वर्ज्य. संथ श्वासोच्छ्वास या क्षणी उपयोगी पडतो तो वाहिनी उघडण्यापेक्षा घाबरणे थांबवण्यासाठी. झटक्याच्या धास्तीने बाहेर जाणेच सोडलेल्या रुग्णांना ही मदत लहान नसते, आणि शिथिलीकरणाचा खरा, प्रामाणिक उपयोग इथे आहे.

दुय्यम विकारात मात्र दोन्ही पारडी सारखी राहत नाहीत. स्क्लेरोडर्मामध्ये वाहिनी नुसती आवळत नाही. तिची भिंत आतून जाड होते, पोकळी अरुंद होते. जी वाहिनी उघडूच शकत नाही तिला उघडायला शिकवून फार काही हाती लागत नाही, आणि फ्रीडमन यांनाही स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत प्राथमिक विकारासारखे यश मिळाले नाही. अशा रुग्णांच्या बोटांच्या टोकांना जखमा होतात, त्या महिनोन्महिने भरत नाहीत, कधी बोटाचा भाग काळा पडतो. इथे निफेडिपिन, सिल्डेनाफिल, शिरेतून दिले जाणारे इलोप्रोस्ट आणि नव्या जखमा टाळण्यासाठी बोसेंटान अशी औषधे लागतात, आणि ती वेळेवर लागतात.

वर्तनोपचारक: "इथे मी वाद घालत नाही. जखम असलेला रुग्ण माझ्याकडे आला, तर मी त्याला आधी तुमच्याकडे पाठवीन. ऊब आणि सवयी चालू ठेवू, पण गोळीऐवजी म्हणून नाही."

संधिवाततज्ज्ञ: "आणि तपासण्या स्वच्छ आलेली, जखम नसलेली, गोळीनं डोकं धरणारी मुलगी आली, तर मी तुमच्याकडे पाठवीन. एका अटीवर. प्रत्येक बैठकीचा आकडा वहीत हवा. 'बरं वाटतंय' हा आकडा नाही."

ही अट दोन्ही बाजूंना न्याय देणारी आहे. तापमान मोजल्याशिवाय दिलेले प्रशिक्षण हे फार तर विश्रांतीचा वर्ग ठरते. त्याला रेनोचा उपचार म्हणू नये आणि त्याचे उपचार म्हणून पैसेही घेऊ नयेत. आठ-दहा बैठकांनंतर बोट यंत्राशिवाय गरम होत नसेल, तर प्रशिक्षण थांबवावे आणि दुसरा मार्ग घ्यावा. तो रुग्णाच्या मनोबलाचा पराभव नाही. मोठ्या चाचणीत बहुसंख्यांना ते जमले नव्हते.

आणि या सगळ्याच्या आधी निदान. पांढरी बोटे पहिल्यांदा तिशी-चाळिशीनंतर दिसली, एकाच हाताला किंवा एकाच बोटाला होत असली, टोकाला जखम झाली, बोटांची कातडी घट्ट वाटू लागली, घास अडकू लागला किंवा सांधे सुजू लागले, तर शवासनाचा वर्ग लावण्याआधी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहणे आणि रक्तातील एएनए चाचणी, एवढ्यावर बहुतेकांचा प्रकार ठरतो. या दोन्हींना सुई टोचण्यापलीकडे काही वेदना नसते, आणि त्या टाळून नुसते ध्यान करत राहिल्याने गमावलेले बोट परत येत नाही.